दोन जीव गेले, तरी कायद्याने तो ‘निर्घृण’ गुन्हा नाही. असं का?

१९ मे २०२४ ची पहाट. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. काही तासांत त्याला जामीन मिळाला, आणि अटींमध्ये होता तो ३०० शब्दांचा निबंध.

निबंधावर मीम्स एवढे झाले की पुढची बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने या मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. "पैसेवाल्याचं पोरगं, सुटणारच," हे त्यावरचं ठरलेलं मत. रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप पाहता हा राग समजण्यासारखा आहे. पण इथे खरी मेख कायद्यातच आहे.

कायदा काय म्हणतो?

दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणातल्या अल्पवयीन आरोपीला तीन वर्षांचीच शिक्षा झाली. डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. म्हणजे १६ ते १८ वयातल्या मुलांवर सज्ञान म्हणून खटला चालवण्याची सोय आपल्याकडे आधीपासूनच आहे. अट एकच, गुन्हा ‘निर्घृण’ हवा. मग मंडळ त्या मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासून निर्णय घेतं.

आता ‘निर्घृण’ म्हणजे काय? इथे किती जीव गेले हे मोजलं जात नाही. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तो निर्घृण. पोर्शे प्रकरणात लागलेलं सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ जन्मठेपेपर्यंत जातं खरं, पण त्यात किमान शिक्षाच नाही. असे गुन्हे निर्घृण धरता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सांगितलं. ती केसही दिल्लीत अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली गेलेल्या माणसाचीच होती! २०२१ च्या दुरुस्तीने हे थेट कायद्यात आलं. मुलाच्या वकिलांनी याच निकालाचा आधार घेतला होता.

मग या व्याख्येत सापडतं कोण?

वीस किलोहून जास्त गांजा पोचवताना पकडलेला १७ वर्षांचा मुलगा. किमान शिक्षा दहा वर्षं, म्हणून गुन्हा निर्घृण. स्वतःच्याच वयाच्या मैत्रिणीशी संमतीने संबंध ठेवणारा मुलगाही, कारण ‘पॉक्सो’त १८ खालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही आणि किमान शिक्षा पुन्हा दहा वर्षं.

त्यामुळे "मोठ्यांसारखी शिक्षा द्या" ही मागणी पोर्शेवाल्यासाठी होते, पण तिची झळ भलत्याच मुलांना बसू शकते. मला विचाराल तर वय कमी करण्याआधी ही व्याख्या नीट करायला हवी.

आणि हो, सज्ञान म्हणून खटला चालला तरी फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला तुरुंगात नाही, सुरक्षित स्थळी ठेवतात. तो सुधारलाय का, हे बघून पुढचं ठरतं.

पालकांसाठी मात्र मोटार वाहन कायदा स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड.