घडी, नक्कल आणि रुजवात

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची आठवण कोल्हापुरात कुणालाही विचारावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, चिखली-आंबेवाडीची माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली. माझी मावशी त्यांतलीच एक. पाणी ओसरल्यावर तिने भिजलेल्या फोनमधले सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून शहरातल्या एका दुकानातून घेतलेल्या नव्या फोनमध्ये घालून घेतले. फोटो आले, नंबर आले. आठ दिवसांनी भेटली तेव्हा म्हणाली, "समदं आलंय, पर ह्यो फोन माझा न्हवं."

तिची तक्रार शब्दशः खरी होती. जुन्या फोनवर अक्षरे मोठी केलेली होती, मेनू मराठीत होता, दुधाच्या वेळेसाठी पहाटे चारचा गजर होता, भजनी मंडळाच्या गटाचा आवाज बंद होता. तिने वर्षानुवर्षे टंकलेले शब्द कीबोर्डला पाठ झाले होते. यांतले काहीच नव्या फोनवर नव्हते. पुरात सामान वाचले होते. घडी मोडली होती.

'सेटिंग' या शब्दाला आपल्या बोलीत जरा वेगळाच वास आहे. पण त्याचा फोनमधला अर्थ मराठीत नेमका सांगायचा तर 'घडी' हाच शब्द जवळचा. संसाराची घडी बसते तशी यंत्राचीही बसते. ती कुणी एका दिवसात बसवत नाही. आज आवाज कमी केला, महिन्याने एक नको असलेला नंबर अडवला, कधी नातवाने भाषा बदलून दिली. अशा शेकडो लहान निर्णयांचा तो साठा असतो आणि आपण ते घेतले हेही आपल्याला आठवत नाही. म्हणूनच फोटो गेला तर तो कोणता, हे सांगता येते; सेटिंग गेले तर फक्त 'काहीतरी बिघडलंय' एवढेच जाणवते.

तांत्रिक बाजूने पाहिले तर ही घडी फार हलकी असते. प्रत्येक सेटिंग म्हणजे एक नाव आणि त्यापुढे एक किंमत: 'अक्षर – मोठे', 'भाषा – मराठी', 'गटाचा आवाज – बंद'. अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक अॅप अशा जोड्या बहुधा आपल्या खासगी कप्प्यातल्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते. हा कप्पा फोनच्या अंतर्गत स्मृतीत असतो. दुसऱ्या अॅपला तो वाचता येत नाही. मावशीचे कोडे इथेच सुटते. फोटो मेमरी कार्डावर होते, नंबर सिमवर होते. घडी मात्र त्या भिजलेल्या फोनच्या पोटातच राहिली.

मग तिची नक्कल निघत नाही का? निघते. अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, अॅपच्या खासगी कप्प्यातल्या माहितीची प्रत वापरणाऱ्याच्या गूगल खात्यात आपोआप ठेवण्याची सोय आहे. प्रत्येक अॅपला २५ एमबीची मर्यादा आहे आणि सेटिंगांसाठी ती ऐसपैस होते. पण ही प्रत केव्हा काढायची याच्या अटी आहेत: फोन चार्जिंगला हवा, कुणी तो वापरत नसावा, वाय-फाय हवे आणि आधीच्या प्रतीला २४ तास उलटलेले हवेत. दिवसभर घरात वीज आणि रात्रभर वाय-फाय असलेल्या कुटुंबाला त्या जाणवतही नाहीत. चिखलीच्या घरात वाय-फाय कधीच नव्हते आणि पुराच्या दिवसांत वीजही नव्हती. नकलेची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती काढणारी व्यवस्था थांबलेली असते. मोबाइल डेटावर प्रत काढायची परवानगी देता येते, पण ती आपण होऊन द्यावी लागते.

शिवाय नकलेत सगळे उतरत नाही. आपली माहिती प्रतीतून वगळायची मुभा प्रत्येक अॅप बनवणाऱ्याला असते. यूपीआयची नोंदणी फोनला बांधलेली असते, त्यामुळे नव्या फोनवर ती पुन्हा करावीच लागते. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे. तिजोरीची किल्ली नकलेबरोबर फिरू नये हेच योग्य. कधी मात्र हा नियम अपघाताने आडवा येतो. काही अॅप्स सेटिंगे कुलूपबंद करून ठेवतात आणि त्याची किल्ली फोनमधल्या सुरक्षित कप्प्यात असते. ती किल्ली त्या फोनबाहेर पडत नाही. परिणामी नव्या फोनवर कुलूप येऊन पोचते आणि किल्ली जुन्याच फोनमध्ये राहते.

काही अॅप्स ही सगळी प्रक्रिया वापरणाऱ्याच्या हातात देतात. 'के-९ मेल' हे ईमेलचे अॅप आपली सेटिंगे एका फाइलमध्ये निर्यात करते. ती फाइल कार्डावर ठेवा, स्वतःलाच पाठवा, दुसऱ्या फोनवर उघडा. घडी जशीच्या तशी बसते. फक्त पासवर्ड त्या फाइलमध्ये जात नाहीत, ते पुन्हा भरावे लागतात. घडी द्यावी आणि किल्ली देऊ नये, हा विवेक इथे स्पष्ट दिसतो.

नकलेपाशी मात्र काम संपत नाही. आपल्या जुन्या दप्तरी व्यवहाराने यासाठी फार चांगला शब्द दिला आहे: रुजवात. कागदाची नक्कल झाली की ती मुळाशी ताडून पाहायची आणि मगच ती रुजू धरायची. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी कागद आजही जपलेले आहेत. ज्या कारभाराने ते लिहिले, त्याला ताडून न पाहिलेल्या नकलेचा भरवसा नव्हता. फोनच्या बाबतीत आपण नेमकी हीच पायरी गाळतो. 'बॅकअप पूर्ण' ही अक्षरे दिसली की निश्चिंत होतो. नक्कल खरोखर उतरते का, हे फोन हरवल्यावरच कळते.

मावशीच्या बाबतीत रुजवातीची एक संधी दुकानातच हुकली होती. नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना तो जुन्या खात्यातली माहिती आणायची का, असे विचारतो. हा प्रश्न मुख्यतः तेव्हाच येतो. मावशीला जुन्या खात्याचा पासवर्ड आठवेना. गिऱ्हाइकांची रांग लागलेली. दुकानातल्या मुलाने भराभर 'पुढे, पुढे' दाबत नवे खाते उघडून दिले. जुन्या खात्यात काही जुनी प्रत असलीच, तर ती तिथेच पडून राहिली. अशी प्रत अमर नसते. फोन ५७ दिवस वापरात नसला तर गूगल ती पुसू शकते.

त्या दिवाळीत आम्ही रुजवात केली. तिच्या खात्याचा पत्ता वहीत लिहिला, मोबाइल डेटावर प्रत काढायची परवानगी दिली, नव्याने बसवलेल्या घडीची प्रत निघू दिली आणि मग माझ्या एका जुन्या, कोऱ्या केलेल्या फोनवर ती उतरवून पाहिली. काही अॅप्स जशीच्या तशी आली, काही पूर्ण कोरी आली. पहाटेचा गजर आला नाही. जे आले नाही त्याची वहीत यादी केली: गजर चारचा, अक्षर सर्वांत मोठे, अमुक गटाचा आवाज बंद. कीबोर्डला शिकवलेले गावाकडचे शब्दही तिने सांगितले, मी लिहून घेतले.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेले. घर सोडताना मावशीने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत ती वही घातली. फोन या वेळी कोरडा राहिला, वहीची गरज पडली नाही. तरी दर दिवाळीला, फराळाचे डबे भरून झाले की, ती वही काढते आणि म्हणते, "बघ रं, हाय का समदं जाग्यावर."