माळ्याचं तोंड

घडीच्या टेबलावरच्या लेखाला या आठवड्यात थांबावं लागणार आहे. डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न इतका मोलाचा आहे, की तो आधी घ्यायलाच हवा. त्यांच्या बाथरूमवरचा माळा प्रशस्त आहे, तरी सामान मावत नाही. तर तो पाडून टाकावा का? मापंही त्यांनी दिली आहेत : रुंदी 4 फूट, आत साडेसहा फूट, उंची अडीच फूट.

म्हणजे 65 घनफूट जागा. 4 फूट रुंद, 2 फूट खोल आणि 7 फूट उंच अशा भक्कम कपाटात 56 घनफूटच मावतात. मग अडतं कुठे?

अडतं हाताच्या लांबीपाशी. स्टुलावर उभं राहून माळ्यात हात घातला, की तो जेमतेम 2 फूट पोचतो. वापरात येते ती तेवढीच जागा, 20 घनफूट. उरलेल्या 45 घनफुटांत एकदा गेलेली वस्तू थेट घर बदलतानाच खाली उतरते. मखर, आकाशकंदील आणि पाहुण्यांच्या गाद्या पुढे राहतात; पितळेची भांडी मागे गडप होतात.

चाळीतल्या माळ्याचं असं नव्हतं. 1920च्या दशकात बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधलेल्या बीडीडी चाळींत एकेक खोली 160 चौरस फुटांची. ती 10 बाय 16 धरली आणि रुंदीच्या भिंतीलगत अडीच फुटांचा लाकडी माळा घातला, तर 25 चौरस फूट जागा डोक्यावर मिळते. जमिनीच्या जवळजवळ सहावा हिस्सा! असा माळा लांब बाजूने सताड उघडा असतो, त्यामुळे जवळजवळ शेवटच्या भिंतीपर्यंत हात पोचतो. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांना माळा परका नव्हताच. गावी माजघरावरच्या माळ्यावर भात, नारळ, बियाणं ठेवायची रीत होती आणि चुलीचा धूर त्याला कीड लागू देत नसे.

फ्लॅटमध्ये माळा आला तो बाथरूमच्या छतावर, आणि त्याचं तोंड मात्र पॅसेजकडे, अरुंद बाजूला ठेवलं गेलं. त्यातच तोंडाशी बीम उतरतो. आत अडीच फूट उंची असली, तरी बीमखाली दीड फुटाचीच फट उरते. नवी कोरी सूटकेस तिथे उभी अडते आणि शेवटी पलंगाखाली जाते. म्हणून माळ्याचं माप घ्यायचं ते तोंडाचं, आतलं नंतर.

तेव्हा माळा पाडू नये. डोंबिवलीच्या घरात बाथरूमची लांब भिंत बेडरूमला लागून आहे. माळ्यापुरती ती साध्या विटांची असेल, तर इंजिनीअरला दाखवून आणि सोसायटीची परवानगी घेऊन बेडरूमच्या बाजूने तोंड उघडता येईल. खोली साडेसहावरून 4 फुटांवर येईल. पुढच्या 2 फुटांत सणासुदीचं सामान, मागच्या 2 फुटांत क्वचित लागणारं.

भिंतीला हात लावायचा नसेल, तर सुताराकडून प्लायचे दोन ट्रे करून घ्यावेत. प्रत्येक 3 फूट लांब, खाली चाकं, पुढे कापडी पट्टा. मागच्या ट्रेचा पट्टा पुढच्याखालून तोंडापर्यंत आणला, की पुढचा ट्रे उतरवून मागचा खेचता येतो. मात्र ट्रेची उंची बीमखालच्या फटीपेक्षा 2 इंच कमी ठेवावी आणि सामान हलकंच भरावं, कारण तो एकट्याने स्टुलावरून उतरवायचा आहे.

माळ्यावर पाण्याची टाकी ठेवण्याबद्दलही त्यांनी विचारलंय. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो वजन. माळ्याचा पातळ स्लॅब सामानासाठी घातलेला असतो, या भारासाठी नव्हे. इंजिनीअरने लेखी होकार दिल्याशिवाय टाकी चढवू नये. घडीचं टेबल पुढच्या आठवड्यात, बिजागऱ्यांसकट.