तिथीचे ताट आणि हळवे आतडे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका गुजराती जैन कुटुंबात वैशाख महिन्यात आहारतज्ज्ञाने दिलेला एक कागद आला. घरचे कर्ते बावन्न वर्षांचे. सकाळचे सौदे आटोपून दुपारी जेवण झाले की चारच्या सुमारास पोट फुगू लागे, कळा येत, आणि गादीवर बसून हिशेब पाहणे अशक्य होई. तीन-चार वर्षे हे चालले होते. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून आतडे पाहून झाले. कोठेही जखम नाही, सूज नाही. डॉक्टरांनी निदान सांगितले, आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. साध्या मराठीत त्याला हळवे आतडे म्हणता येईल. रचनेत दोष नसतो, पण आतड्याला इतरांच्या मानाने फार लवकर आणि फार तीव्रतेने जाणवते.

कागदावर वर्ज्य पदार्थांची यादी होती. घरातील वडीलधाऱ्या बांनी ती चष्मा लावून वाचली. कांदा नको, लसूण नको, मध नको, अळंबी नको, फ्लॉवर नको. वाचून त्या सुनेला म्हणाल्या, "यात नवीन ते काय? आपल्या घरात हे कोणी तोंडात घातलेले नाही. मग याचेच पोट का दुखते?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्याच स्वयंपाकघरात दडलेले होते.

त्या कागदामागील शास्त्र फार जुने नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये 'फॉडमॅप' ही संज्ञा मांडली. धान्ये, कडधान्ये, फळे आणि दूध यांतील काही लहान साखळीच्या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू त्यांना आंबवतात. त्यातून वायू निर्माण होतो. हे प्रत्येकाच्याच पोटात घडते. ज्याचे आतडे हळवे नाही त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान ही शर्करा असते, कडधान्यांत गॅलॅक्टोजच्या साखळ्या, दुधात लॅक्टोज, मधात आणि आंब्यात जादा फ्रुक्टोज, तर अळंबी व फ्लॉवर यांत मॅनिटॉल.

यादीतला मोठा भाग जैन स्वयंपाकघराने शतकांपूर्वीच वगळलेला आहे, ही गोष्ट ऐकून कोणाचीही मान ताठ व्हावी. तरीही पूर्वजांना फ्रुक्टान ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. मध सोडला तो जीवहिंसा टाळण्यासाठी, कंद सोडले ते अनंतकाय म्हणून, फ्लॉवर टाळला तो त्यातील सूक्ष्म जीवांसाठी. पोटाला त्याचा लाभ झाला असेल तर तो निव्वळ योगायोग आहे.

मग दुखणे कोठून येत होते? सूनबाईंनी तीन आठवडे एक वही ठेवली. दुकानातल्या रोजमेळासारखीच, डाव्या बाजूला खाल्लेले आणि उजव्या बाजूला पोटाची अवस्था. वही भरत गेली तसे एक चित्र स्पष्ट झाले. त्रासाचे दिवस महिन्यात विखुरलेले नव्हते. ते अष्टमी, चतुर्दशी आणि सुद पंचमी या तिथींभोवती गोळा झालेले होते.

कारण उघड आहे. तिथीला हिरवी भाजी नाही. ती जागा भरायची कशाने? कडधान्याने आणि बेसनाने. त्या घरचे चतुर्दशीचे ताट असे असे: तुरीची डाळ, बेसन लावलेली कढी, हरभऱ्याची उसळ किंवा गट्ट्याची भाजी, उडदाचा पापड, चार फुलके आणि वाटीभर दूधपाक. यांपैकी एकेक पदार्थ एरवी सोसतोही. सोसत नाही ती बेरीज. त्यात सौद्यांच्या वेळी झालेले दुधाच्या चहाचे पाच-सहा कप वेगळेच. हळव्या आतड्याला एक उचलमर्यादा असते. दिवसभरात थोडी थोडी उचल होत संध्याकाळी मर्यादा ओलांडली जाते, आणि दोष मात्र शेवटी खाल्लेल्या खाकऱ्याला दिला जातो.

कागदाच्या मागील बाजूस 'चालणारे पदार्थ' होते आणि तेथे अडचण उलटी होती. बटाटा, गाजर, आले हे या आहारातले निर्धोक पदार्थ, पण त्या घराला वर्ज्य. आहारतज्ज्ञाने "औषध समजून घ्या" असे सुचवून पाहिले. कर्त्यांनी नम्रपणे नकार दिला. शिवाय त्यांच्या मनात दुसरीच चिंता होती. अठरा वर्षे न चुकता ते आश्विनातली आयंबिलची ओळी करीत होते, आणि या पोटाने यंदा ती सुटते की काय, ही धास्ती त्यांना दुखण्यापेक्षा मोठी वाटत होती.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. पोट फुगते म्हणून कोणी आपल्या मनाने गहू-दूध सोडू नये. शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणे, पंडुरोग, झोपेतून उठवणारी कळ, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टर. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक रोगाची रक्ततपासणी तर गहू खात असतानाच करावी लागते. गहू सोडून नंतर केली तर ती फसवी येऊ शकते. मुले, गरोदर स्त्रिया आणि आधीच कृश असलेल्या व्यक्ती यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हा आहार करूच नये. जैन घरात अंडे नाही, त्यामुळे बी-१२ जीवनसत्त्वाचा आहारातला आधार दूधच असतो. ते कमी करायचे तर बी-१२ची पातळी तपासून घेतली पाहिजे.

आहार सुरू झाला तो आर्द्रा नक्षत्र लागल्यावर. आर्द्रा लागली की त्या घरात आंबा बंद होतो, म्हणून आमरसाचा मोह आपोआप दूर राहिला. पहिला कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, जन्मभराचा नसतो, हे कळल्यावर बांनाही धीर आला.

सूनबाईंनी घरातल्या अकरा माणसांसाठी दोन स्वयंपाक करायचे नाहीत, असे पहिल्याच दिवशी ठरवले. जे बदलायचे ते सर्वांच्या ताटात बदलायचे, आणि जे बदलत नाही त्यातून कर्त्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. फुलक्यांच्या जोडीला ज्वारीची भाकरी आली. सांगलीच्या मुलखात उत्तम ज्वारी पिकते, पण गुजराती घरात ती सठीसामाशी होई. ज्वारी आणि तांदूळ ही दोन्ही धान्ये या आहारात निर्धोक. पोह्यांत तर बदलच नव्हता. शेंगदाणे, कढीपत्ता आणि लिंबू घातलेले जैन पोहे जसेच्या तसे चालले.

डाळीची युक्ती सर्वांत उपयोगी ठरली. कडधान्यातील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते. म्हणून मूगडाळ काही तास भिजवून ते पाणी ओतून द्यायचे, भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवायची, वरचे पाणी पुन्हा काढायचे, आणि मग नवे गरम पाणी घालून तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी द्यायची. प्रारंभी शिजलेली डाळ पाव वाटीच. कुकरमध्ये डाळ त्याच पाण्यात मिटून शिजते, त्यामुळे हा लाभ मिळत नाही. चव थोडी उतरते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोकम आणि चिमूटभर सुंठ घातली की ती बरीचशी परत येते. ओले आले वर्ज्य असले तरी सुंठ त्या घरात चालते, तशीच हळदही. हळदीच्या व्यापाऱ्याला ते वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

कढीतले बेसन काढून तेथे तांदळाचे पीठ आले. एक वाटी ताकाला चमचाभर पीठ पुरते, कढी फुटत नाही, आणि डाळच नसल्याने द्विदलाचा प्रश्नही उरत नाही. ताक आंबट दह्याचे घ्यावे, कारण दही लागताना लॅक्टोज काही अंशी खर्ची पडते. सगळे मात्र जात नाही, म्हणून कढी छोटी वाटीच. साजूक तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच, आणि पनीरमधले बरेचसे निवळीबरोबर वाहून जाते.

तिथीच्या ताटाचा मुख्य प्रश्न सोडवला तो खिचूने. गुजराती घरातली ही पापडाची उकड. दोन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात जिरे, मीठ, हिंग, किंचित पापडखार आणि भरडलेली मिरी घालायची, मग वाटीभर तांदळाचे पीठ घालून लाटण्याच्या टोकाने गुठळी मोडत घोटायचे आणि झाकून वाफ द्यायची. वरून शेंगदाण्याचे तेल. एरवी घालतात ती हिरवी मिरची तिथीला मिरीने भागते. डाळ नाही, गहू नाही, दूध नाही, हिरवे नाही. पोट भरते आणि फुगत नाही. ज्या घरांत तिथीला कच्चे केळे चालते तेथे त्याची कोरडी भाजीही उत्तम. कच्चे केळे या आहारात निर्धोक, पिकलेले मात्र तसे नाही. एरवीच्या दिवशी पावभाजीतही बटाट्याच्या जागी तेच असते. फक्त मटार मूठभरच घालावा आणि पावाऐवजी भाकरी घ्यावी.

दालढोकळी मात्र जमली नाही. ज्वारीची ढोकळी उकड काढून करून पाहिली, ती डाळीत विरघळून पिठले झाले. मुलांनी ते हसत संपवले, पण तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

हिंगाविषयी एक बारकावा व्यापारी घरांना उपयोगी पडेल. बाजारात मिळते ते बांधणी हिंग. शुद्ध डिंकरसात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि खाण्याचा डिंक मिसळलेले. हळव्या आतड्याला चिमटीभर हिंगातला गहू बाधत नाही. पण सीलिॲक रोग असलेल्याने डबीवरील घटक वाचूनच हिंग घ्यावे. तसेच दुकानात तोंडात टाकायच्या शुगरफ्री गोळ्या. त्यांत सॉर्बिटॉल किंवा तत्सम पदार्थ असतो, आणि तो या यादीतलाच आहे. कोठा साफ राहावा म्हणून डॉक्टर इसबगोल सुचवतात, त्याला हरकत नाही. गव्हाचा कोंडा मात्र अशा पोटाला पुष्कळदा अधिकच फुगवतो.

सहा आठवड्यांत चार वाजताची कळ जवळजवळ थांबली. दुसरा टप्पा परीक्षेचा. एकेक गट वेगळा घ्यायचा, तीन दिवस मात्रा वाढवत न्यायची, मग दोन-तीन दिवस विसावा. पर्युषणात परीक्षा घ्यायची नाही असे ठरले होते, म्हणून काम थोडे लांबले. निकाल असे आले: दोन फुलके सोसतात, तिसऱ्याला पोट बोलते. दुधाचा चहा दोन कप. पाणी काढलेले मूग अर्धी वाटी निर्धास्त. हरभरा आणि बेसन मात्र चमचाभरही नको. आंब्याची परीक्षा पुढच्या मोसमावर. कांदा-लसणाची परीक्षा घ्यायचीच नव्हती.

उरली आश्विनाची ओळी. नवपदाच्या ओळीत वर्णानुसार एक धान्य घेण्याची रीत पुष्कळ जण पाळतात. पहिल्या दिवशी अरिहंतांचा श्वेत वर्ण म्हणून तांदूळ, दुसऱ्या दिवशी गहू, तिसऱ्या दिवशी हरभरा, मग मूग, मग उडीद, आणि शेवटचे चारही दिवस पुन्हा तांदूळ. सूनबाईंनी वहीवर हे मांडले तेव्हा कर्ते क्षणभर पाहतच राहिले. नऊपैकी पाच दिवस तांदळाचे होते! अडचणीचे खरे दिवस दोनच, गव्हाचा आणि हरभऱ्याचा. आयंबिलाला मूळ बंधन आहे ते तूप, तेल, दूध, दही, गोड आणि हिरवे न घेण्याचे. वर्णाचे धान्य ही वरची आराधना. महाराजसाहेबांना विचारले. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीही तांदूळ घेण्यास त्यांनी संमती दिली. डॉक्टरांनी एवढेच बजावले की, दिवसाचे एकच जेवण आहे म्हणून एका बैठकीत पोट गच्च भरू नये, आणि पाणी सूर्यास्तापूर्वी पुरेसे प्यावे.

तेल आणि पापडखार न घालता केलेला खिचू, सैंधव आणि मिरीचा भात, चौथ्या दिवशी मुगाचे पातळ पाणी. नऊ दिवस पार पडले. पाचव्या दिवशी उडदाने थोडी कुरकुर केली, त्या दिवशी ते सौद्याला गेले नाहीत.

दिवाळीत दुकानांतून काजूकतलीचे डबे आले. काजू आणि पिस्ता दोन्ही त्यांना वर्ज्य ठरलेले, म्हणून डबे मुलांकडे गेले आणि त्यांच्या वाट्याला पाच-सहा बदाम आले. कार्तिकी चतुर्दशीला ताटात खिचू, तांदळाच्या पिठाची कढी आणि मुगाचे वरण होते. बा वाढायला बसल्या होत्या.

"फुलके किती?"

"दोन."

पौर्णिमा होऊन चातुर्मास सरला, तशी बाजारातून मेथीची पहिली जुडी घरी आली. सूनबाईंनी ती ज्वारीच्या पिठात मळली.