गर्भ, ग्रहण आणि पेशींची स्पर्धा

भालकी तालुक्यातले मेहकर असो की बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरचे दुसरे कुठलेही मराठी गाव, पोट पडले की प्रश्न बाईलाच विचारले जातात. ग्रहणात बाहेर गेली होतीस का? पपई खाल्लीस का? जड उचललेस का? बहुतेक वेळा उत्तर तिच्या वागण्यात नसतेच. ते फार आधी, पेशींच्या पातळीवर ठरलेले असते. त्या पेशींबद्दलच्या काही समजुती दुरुस्त होणे गरजेचे आहे.

गर्भात पेशी मरतात म्हणजे गर्भ बिघडला.

वाढ म्हणजे भर पडणे, असेच डोळ्यांना दिसते; म्हणून हे पटते. गर्भ रुजल्यावर ज्या मूळपेशींपासून पुढे सगळे शरीर घडते, त्यांच्यावर उंदरांमध्ये बारकाईने काम झाले आहे. शरीराची आखणी सुरू होण्यापूर्वी त्यातल्या सुमारे ३५ टक्के पेशी काढून टाकल्या जातात, असे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील त्रिस्तान रॉड्रिगेझ यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. गर्भ धडधाकटच राहतो. ज्वारीची विरळणी शेतकरी करतो. इथे बाहेरचा कोणी नसतो, पेशीच एकमेकींना पारखतात. याला पेशीस्पर्धा म्हणतात.

हरणारी पेशी मुळातच मरणार असते.

सर्वांत चिवट गैरसमज हाच. मेली, म्हणजे रोगट असणार, असा तर्क सहज होतो. गिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल यांनी १९७५ मध्ये फळमाशीवर केलेल्या प्रयोगाने तो खोटा ठरवला. ‘मिन्यूट’ नावाचा जनुकदोष असलेली माशी सावकाश वाढते, तिचे केस बारीक असतात, पण ती जगते. त्याच दोषाच्या पेशी निरोगी पेशींच्या शेजारी आल्या की मात्र नाहीशा होतात. म्हणजे पेशीचे भवितव्य तिच्या एकटीच्या प्रकृतीवर नव्हे, शेजारणींवरही ठरते. याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. ‘मिक’ हे प्रथिन ज्या पेशीत जास्त, ती शेजारच्या पूर्ण निरोगी पेशीलाही हटवते. उंदराच्या गर्भात अशी स्पर्धा आपसूक चालते, हे माद्रिदच्या मिगेल तोरेस यांच्या गटाने २०१३ मध्ये सिद्ध केले. हरलेली पेशी स्वतःच्याच आतली आत्मनाशाची यंत्रणा चालू करते आणि तिचे अवशेष शेजारच्या पेशी गिळतात.

नाळेच्या रक्तात याच मूळपेशी असतात.

नाव एकच असल्याने घोटाळा होतो. नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी मुख्यतः रक्त घडवतात. सगळे शरीर घडवण्याची क्षमता त्यांच्यात नसते. कुटुंबाचा ‘विमा’ म्हणून खासगी पेढीत हे रक्त साठवण्याची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही करत नाही.

गर्भ टिकला नाही, म्हणजे बाईच्या हातून काही चुकले.

आधी काही घडले, मग पोट पडले. मन या दोहोंची गाठ मारते. दुःखाला कारण हवेच असते, आणि ग्रहण साऱ्या गावाच्या लक्षात राहिलेले असते. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आढळते. ही चूक बीज तयार होताना किंवा पहिल्या काही पेशीविभाजनांत होते. तेव्हा दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ओठ फाटण्याचेही तसेच. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो; सहाव्या महिन्यातल्या ग्रहणात विळी हातात धरल्याने जुळलेला ओठ फाटत नाही. सासूने हे सुनेला सांगावे, मुलालाही सांगावे.

गर्भ स्वतःच सगळे निवडून काढतो, मग तपासणी कशाला?

यात तथ्याचा अंश आहे, म्हणून ही समजूत अधिक घातक. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, त्या काळी गर्भाची पारख सूक्ष्मदर्शकातून पाहूनच होत असे. आता गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून गुणसूत्रे तपासता येतात. काही गर्भांत निरोगी आणि सदोष पेशींची सरमिसळ सापडते. इटलीत असे १८ गर्भ रोपल्यावर ६ निरोगी बाळे जन्मली, अशी नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. केंब्रिजच्या माग्दालेना झेर्निका-गोएत्झ यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांत त्याचा एक मार्ग दाखवला : बाळ घडवणाऱ्या भागातल्या सदोष पेशी मरतात, वार घडवणाऱ्या भागातल्या तग धरतात, फक्त मंद वाढतात. पण निवड व्हायला शेजारी पुरेशा निरोगी पेशी हव्यात. सगळ्याच पेशींत एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असेल, तर स्पर्धा कोणाशी होणार? डाउन सिंड्रोम असलेली बाळे म्हणूनच जन्माला येतात. शिवाय अनेक व्यंगे पेशी निवडल्या गेल्यानंतर, अवयव घडताना होतात. ती पाहण्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांदरम्यानची सोनोग्राफी चुकवू नये. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी तर गर्भाच्या २८व्या दिवसापर्यंत मिटते. तिच्यासाठीची फॉलिक ॲसिडची गोळी पाळी चुकण्याची वाट न पाहता, मूल हवे असे ठरले तेव्हापासूनच घ्यायची असते.