पडद्यावरील सातबारा : वाचनाची एक अडचण

पश्चिम रेल्वेच्या मुंबई–अहमदाबाद मार्गावर उधना आणि सचिन या स्थानकांच्या मध्ये भेस्तान लागते. सुरत शहराच्या या दक्षिण भागात यंत्रमाग व कापड-प्रक्रिया कारखान्यांतील कामानिमित्त खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांपैकी पुष्कळांची वडिलोपार्जित शेती धुळे, नंदुरबार वा जळगाव जिल्ह्यात आहे. पूर्वी उताऱ्यासाठी उधना–जळगाव मार्गाच्या गाडीने गावी जाऊन तलाठ्याची गाठ घ्यावी लागे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिल्यामुळे तो आता भेस्तानमध्येही मोबाईलच्या पडद्यावर पाहता येतो. मात्र उतारा दिसणे आणि तो समजणे या दोन भिन्न गोष्टी होत.

गाव नमुना सात हा रुंद तक्ता आहे. डावीकडे क्षेत्र व आकारणी, मध्ये खाते क्रमांक व भोगवटादारांची नावे आणि अगदी उजवीकडे ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना असतो. कागदावर हे सारे एकाच वेळी नजरेस पडते. चार बोटे रुंदीच्या पडद्यावर अक्षर वाचण्याजोगे मोठे केले, की तक्त्याचा एक तुकडाच समोर उरतो. आपले नाव व क्षेत्र पाहून वाचकाचे समाधान होते. बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा ज्या रकान्यात नोंदलेला असतो, तो पडद्याबाहेरच राहतो. खाली सरकताना रकान्यांची शीर्षकेही दिसेनाशी होतात आणि क्षेत्र, आकार व पोटखराबा यांचे आकडे एकमेकांच्या जागी वाचले जाण्याचा संभव निर्माण होतो.

मांडणीचे हे महत्त्व २०२० मध्ये सुधारलेल्या नमुन्यावरून लक्षात येते. पूर्वी इतर हक्कांच्या रकान्यात दिला जाणारा खाते क्रमांक त्या वेळी खातेदाराच्या नावाशेजारी आणण्यात आला. मयत खातेदारांची नावे व फिटलेले बोजे कंसात दाखविण्याऐवजी त्यांवर आडवी रेघ मारण्याचे ठरले. बदल चांगलाच, पण उताऱ्याचे अस्पष्ट छायाचित्र एका फोनवरून दुसऱ्यावर गेले, की ही बारीक रेघ पुसट होते आणि कमी झालेले नाव कायम असल्यासारखे भासते. देवनागरीत शिरोरेघ मुळातच आडवी, शिवाय मात्रा व अनुस्वार वर आणि उकार खाली. अक्षर लहान झाले, की प्रथम तेच हरवतात. घरात उतारा वाचून दाखविणारा बहुधा शाळकरी मुलगा असतो. शिरोरेघ नसलेल्या गुजराती लिपीची सवय झालेला हा मुलगा येथे अडखळल्यास त्यास दोष देता येणार नाही.

कागद व पडदा यांवरील आकलनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. कथात्मक मजकुराच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. सातबारा ही अर्थातच कथा नव्हे, आणि पाळी संपवून आलेला कामगार तो घाईतच पाहतो.

उतारा पाहताना फोन आडवा धरावा व उजवीकडील रकाना आधी वाचावा. छायाचित्राऐवजी मूळ फाईल मागून घ्यावी. व्यवहार करावयाचा असल्यास उतारा कागदावर छापून, रकान्यांवर पट्टी ठेवून ओळीने वाचावा. विनास्वाक्षरीचा मोफत उतारा केवळ माहितीसाठी असतो. कामकाजासाठी डिजिटल स्वाक्षरीचाच उतारा घ्यावा लागतो.