खिडकी लावण्याआधी

आमच्या गल्लीत माझी ओळख ‘समजूतदार बाई’ अशी आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सासूबाई तर पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, “आमच्या सूनबाईचं सगळ्यांशी जमतं हो!” मलाही ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

पण तीन वर्षांपूर्वी असं काही घडलं, की हा समजूतदारपणा म्हणजे नेमकं काय, हे मला नव्यानं शिकावं लागलं.

झालं असं. आमच्या शेजारच्या घरात कोकणातून एक मावशी राहायला आल्या. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सुकट भाजली. आमच्याकडे मांसाहार नाही. वास आल्याबरोबर सासूबाईंनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. दोन दिवसांत गल्लीत कुजबुज सुरू झाली. ‘घरमालकाला सांगायला हवं’ इथपर्यंत गोष्ट गेली. मी मात्र सगळ्यांना समजावलं. म्हटलं, “त्यांच्या ताटात काय असावं हे आपण कोण ठरवणार? आपल्या फोडणीचा ठसका त्यांनाही लागतच असेल की!” हळूहळू सगळं निवळलं. मावशी संक्रांतीला हळदीकुंकवाला येऊ लागल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्याच गल्लीत कोपऱ्यावर आणखी एक घर होतं. नवराबायको आणि दोन लहान मुलं. तिथून रात्री-अपरात्री आवाज यायचे. भांडं आपटल्याचा, ओरडण्याचा, मग दबलेल्या रडण्याचा. दुसऱ्या दिवशी ती नळावर दिसायची, पदर हातभर ओढून. एकदा मनगटाला पट्टी होती. “न्हाणीत पाय घसरला,” म्हणाली. आम्ही पाचजणी होतो तिथे. पाचहीजणींनी मान डोलावली आणि पाणी भरून निघून आलो.

‘त्यांच्या घरातला मामला. आपण कशाला पडा?’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटलं, की ते शहाणपणाचंच वाटायला लागलं होतं.

एका रात्री आवाज फार वाढला. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला आणि मी टीव्हीचा आवाज मोठा केला. शेजारी बसलेली माझी आठवीतली मुलगी म्हणाली, “आई, आवाज का वाढवलास?”

मला उत्तर देता आलं नाही.

तेवढ्यात खिडकीतून पाहते तो काय, सुकटवाल्या मावशी हातात वाटी घेऊन भराभरा कोपऱ्याकडे चालल्या होत्या. रात्रीचे साडेअकरा वाजलेले! त्यांनी त्या घराचं दार जोरजोरात वाजवलं. दार उघडल्यावर ठणकावून म्हणाल्या, “विरजण संपलंय. थोडं द्या बाई.”

मीही चपला सरकवून धावले. माझ्यामागून आणखी दोघी आल्या. दारात चार बाया उभ्या राहिल्यावर त्या माणसाचा आवाज एकदम खाली आला. ती आतून वाटीत विरजण घेऊन आली. तिचा हात थरथरत होता. आम्ही कुणीच काही बोललो नाही, पण लगेच हललोही नाही.

परतताना मावशी म्हणाल्या, “माझ्या सुकटीचा वास तुम्हाला चार घरं सोडून येत होता. हिचं रडणं नाही का ऐकू आलं?”

मैत्रिणींनो, त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. मी ज्याला सहनशीलता म्हणत होते, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती. सुकटीचा वास मी सोसला, ती सहनशीलता. कारण त्यात त्रास झालाच तर तो मला होत होता आणि कुणाचंच नुकसान नव्हतं. पण कोपऱ्यावरचं रडणं मी ‘सोसत’ नव्हते. सोसत ती होती. मी फक्त ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ आपण सहन करतो म्हणणं, ही सहनशीलता नव्हे. ती बेपर्वाई.

आपल्या सावित्रीबाईंकडे पाहा ना. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण, दगड फेकले गेले. ते त्यांनी सोसलं. पण मुलींचं अडाणीपण, विधवांचे हाल त्यांनी सोसले नाहीत. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. अडलेल्या विधवांना तिथे आसरा मिळाला. ‘त्यांच्या घरातला मामला’ असं तेव्हाही म्हणता आलं असतंच की!

त्या रात्रीनंतर मी थोडी माहिती काढली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात आपल्यासारख्या शेजारणींसाठीच जणू एक सोय आहे. कुठे हिंसा होते आहे असं वाटायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्यासाठी दावा किंवा खटला होऊ शकत नाही. शिवाय नांदत्या घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. मदतीसाठी १८१ हा महिलांचा क्रमांक आहे आणि जिवावर बेतलं तर ११२.

पण आम्ही लगेच तक्रार केली नाही. आधी तिला विचारलं. कारण तिच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेणं, हीसुद्धा एक जबरदस्तीच. बचत गटाच्या निमित्तानं ती यायला लागली. चौथ्या महिन्यात स्वतःहून म्हणाली, “ताई, माझ्याबरोबर याल?” संरक्षण अधिकाऱ्यांकडे मी आणि मावशी तिच्यासोबत गेलो. पुढे कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळाला. सगळं गोड झालं असं नाही म्हणणार. संसार अजून ओढगस्तीचाच आहे. ती मेसचे डबे करते, मुलं शाळेत जातात. पण नळावर येते तेव्हा तिचा पदर आता खांद्यावर असतो.

तेव्हापासून मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारायची सवय लावली आहे. समोरचं मला नुसतं आवडत नाहीये, की त्यानं कुणाला तरी इजा होते आहे? नुसतं आवडत नसेल, तर गप्प बसावं. इजा होत असेल, तर चपला घालाव्यात.

आणि काहीच सुचलं नाही, तर हातात एक रिकामी वाटी घ्यावी. विरजण काय, कुणाच्याही घरचं संपू शकतं!