जुन्या ड्राइव्हची दुरुस्ती (भाग ६) : स्वतःचं वाचतो, दुसऱ्याचं नाही

मागच्या भागात पट्टा आणि फिरण्याचा वेग पाहिला. मिनिटाला ३०० फेरे नीट पडत असूनही डिस्क वाचली जात नसेल, तर आता हेडकडे वळायचं. आजचा नमुना कमोडोर १५४१. कमोडोर ६४ च्या जोडीला १९८२ मध्ये आलेला हा सव्वापाच इंची ड्राइव्ह. त्याला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, पण हेड पहिल्या ट्रॅकवर पोहोचलं की नाही हे सांगणारा सेन्सर नाही. त्यामुळे फॉरमॅट करताना किंवा वाचताना चूक आली, की तो हेडला बाहेरच्या टोकाला ढकलत राहतो आणि हेड अडणीवर खडखड आपटतं. त्या काळच्या कित्येक गेमच्या डिस्कवर कॉपी रोखण्यासाठी चुका मुद्दाम पेरलेल्या असत. म्हणजे गेम सुरू करताना दर वेळी हे आपटणं आलंच. त्यात ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या आतच असल्याने उष्णता भरपूर. स्टेपर मोटरच्या दांड्यावर नुसती दाबून बसवलेली पुली अशाने किंचित घसरते. दोन ट्रॅकमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, तेव्हा केसभर सरकणंही पुरतं.

लक्षण ठरलेलं : ड्राइव्ह स्वतः फॉरमॅट केलेल्या डिस्क सुरळीत वाचतो, दुसरीकडून आलेल्या डिस्कवर अडतो.

तरीही मोटरच्या स्क्रूंना लगेच हात लावू नका. आधी प्लग काढा. आत थेट मेन्सची वायर येते. हेड डिस्कच्या खालच्या बाजूला असतं, वरच्या दांडीला नमद्याची छोटी गादी. दांडी हलकेच उचलून आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने हेड पुसा. बोळ्यावर तपकिरी डाग उतरला, तर तो डिस्कवरून खरवडून निघालेला लेप आहे. बुरशी आलेली एकच डिस्क हेड पुन्हा माखून टाकते, म्हणून संशयित डिस्क आत घालूच नका.

मग हेड रुळांवर हाताने सावकाश सरकवून पाहा. एकूण ट्रॅक ३५, डायरेक्टरी १८ व्या ट्रॅकवर, आणि फाइलीही आधी तिच्या आसपासच लिहिल्या जातात. म्हणून हेडची ये-जा बहुतेक मधल्या भागातच होते आणि टोकांकडचं ग्रीस वाळून चिकट होतं. डायरेक्टरी दिसते, पण मोठा गेम अर्ध्यावर थांबतो, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं. जुनं ग्रीस पूर्ण पुसून रुळांवर हलकं तेल नावापुरतं लावा.

एवढं करूनही दोष राहिला, तरच अलाइनमेंट. आणि त्याआधी एक काम अजिबात टाळू नका : या ड्राइव्हने लिहिलेल्या सगळ्या डिस्क याच ड्राइव्हवर वाचून त्यांची प्रत संगणकात घ्या. त्या सरकलेल्या हेडने लिहिलेल्या आहेत. हेड जागेवर आलं, की त्या वाचल्या जातीलच असं नाही. कोणाचा लहानपणी लिहिलेला प्रोग्राम त्यात असेल, तर तो दुसरीकडे कुठेच सापडणार नाही.

प्रत झाली, की मोटरच्या सध्याच्या जागेवर पेन्सिलीची खूण करा, दोन्ही स्क्रू किंचित सैल करा आणि कारखान्यात भरलेली मूळ डिस्क लावा. स्वतः फॉरमॅट केलेली डिस्क इथे कामाची नाही. मोटर कणाकणाने फिरवत १, १८ आणि ३५ हे तिन्ही ट्रॅक तपासा. ड्राइव्ह आता चालू असतो, तेव्हा वीजपुरवठ्याच्या भागापासून हात लांब ठेवा. स्क्रू आवळताना मोटर पुन्हा जराशी हलते, म्हणून आवळल्यावर तिन्ही ट्रॅक परत वाचून पाहा.

पुढच्या आठवड्यात हेडची कॉइलच तुटली आहे का, हे मल्टिमीटरने कसं ओळखायचं ते पाहू.